पुस्तकाचे तोंड वाचकाकडे

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त बंगळूरू येथील सर्जापूर रोड परिसरात भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक स्नेहमेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण.)



आपल्या तालुक्याच्या गावाहून इथवर येण्यास एक रात्र लागली, आणि रेल्वे स्थानकापासून या सभागृहापर्यंत येण्यास जवळजवळ अर्धा दिवस लागेल की काय अशी भीती वाटू लागली होती. वाटेत गाडी थांबली की मी दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचत होते. शिक्षिकेची सवय, दुसरे काय! शहाजीराजांच्या जहागिरीचे हे गाव. त्या अर्थाने मराठी माणूस येथे काही कालपरवा आलेला नाही. परंतु आपल्या शाळेच्या बाकांवरून उठलेली एवढी मंडळी एकाच रस्त्याच्या आजूबाजूला राहतात, हे मला येथे येईपर्यंत ठाऊक नव्हते. ज्यांना मी वर्गाबाहेर उभे केले होते तेच आज मला हाताला धरून व्यासपीठावर घेऊन आले. मन भरून आले आहे, एवढेच सांगते आणि विषयाकडे वळते.

निमंत्रणाबरोबर तुम्ही एक प्रश्न पाठविला होता. हीरक महोत्सवानिमित्त आम्ही शाळेला काय द्यावे? सोबत काही सूचनाही होत्या. नवा संगणक कक्ष, प्रत्येक वर्गात मोठा पडदा, मुलांना टॅब. तुमच्या भावनेचा मी अव्हेर करीत नाही. मात्र मला आज तुमच्याशी आपल्या ग्रंथालयाविषयी बोलायचे आहे. आणि त्यातही फक्त एका गोष्टीविषयी, पुस्तके मुलांच्या दृष्टीस कशी पडतात याविषयी. विषय अगदी लहान वाटेल. मलाही पंचवीस वर्षे तो तसाच वाटत होता.

तुमच्यापैकी ज्यांची चाळिशी उलटली आहे त्यांना आपले जुने ग्रंथालय आठवत असेल. आठवत नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. मुख्याध्यापकांच्या दालनाला लागून असलेली ती लांबट खोली, भिंतीला टेकून उभी असलेली काचेच्या दारांची सागवानी कपाटे, प्रत्येक कपाटाला कुलूप, आणि सगळ्या किल्ल्यांचा एक जुडगा. पटसंख्येच्या निकषामुळे ग्रंथपालांचे पद अर्धवेळ होते. ते दुपारी येत आणि आपला सकाळचा विभाग तोपर्यंत घरी गेलेला असे. मग आठवड्यातून एकदा वर्गशिक्षकांनी पुस्तकांची पेटी वर्गात न्यायची आणि हजेरीपटाच्या क्रमाने एकेक पुस्तक हातात ठेवायचे. ज्याचा क्रमांक पहिला त्याला वरचे, ज्याचा शेवटचा त्याला तळाचे. कोणाला काय हवे, हा प्रश्नच त्या व्यवस्थेत नव्हता. शिधावाटपाच्या दुकानात तरी गहू हवा की तांदूळ, एवढे विचारतात.

मी नुकतीच सेवेत रुजू झाले होते, त्या काळातली एक गोष्ट सांगते. सातवीतला एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत त्या खोलीत येऊन कपाटाच्या काचेला नाक लावून उभा राही. एके दिवशी मी विचारले, काय पाहतोस? त्याने बोट दाखविले. आत समुद्रातील जीवसृष्टीवरचे एक पुस्तक होते. योगायोगाने ते इतरांसारखे उभे न राहता आडवे होऊन काचेकडे तोंड करून पडले होते. मुखपृष्ठावर आठ पायांचा एक भला मोठा प्राणी होता. किल्ली माझ्याकडे नव्हती. मी म्हटले, उद्या ये. तो दुसऱ्या दिवशी आला. त्या दिवशी ग्रंथपाल रजेवर होते. मी पुन्हा म्हटले, उद्या ये. तिसऱ्या दिवशी तो आला नाही आणि खरे सांगायचे तर तो आला नाही हे माझ्या लक्षातही आले नाही. घटक चाचणी जवळ आली होती.

काही वर्षांपूर्वी आम्ही ती कपाटे कायमची उघडली तेव्हा ते पुस्तक माझ्या हाती आले. मागच्या पानावर परतीच्या तारखेची चिठ्ठी डकवलेली होती. त्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. दाखल नोंदवहीत त्याचा क्रमांक होता, किंमत होती, विक्रेत्याचे नाव होते आणि दरवर्षीच्या पडताळणीत त्याच्यापुढे बरोबरची खूण होती. म्हणजे आमच्या लेखी ते पुस्तक सुरक्षित होते. तो मुलगा आज तुमच्याच वयाचा असेल. तो या सभागृहात असला तर त्याने कार्यक्रम संपल्यावर मला भेटावे. ओळख पटण्यासाठी प्राण्याचे नाव सांगावे.

या शहरात उभे राहून ग्रंथालयाविषयी बोलायचे आणि डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचे नाव घ्यायचे नाही, हे योग्य होणार नाही. हे गृहस्थ मुळात गणिताचे प्राध्यापक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि परत आल्यावर त्यांनी ग्रंथपालन हे कारकुनी काम नसून शास्त्र आहे हे देशाला पटवून दिले. 1957 पासून ते बंगळूरूला होते; 1962 साली त्यांनी येथे प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन केले आणि 1972 साली याच शहरात त्यांचे निधन झाले. त्यांची जन्मतारीख 12 ऑगस्ट. तो दिवस आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. आमच्या शाळेतही पाळतो. त्यांच्या छायाचित्राला हार घालतो आणि कपाटाला कुलूप लावतो, असे कित्येक वर्षे चालले होते.

रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. पहिल्याचा आशय इतकाच की पुस्तक वापरण्यासाठी असते. यात सांगण्यासारखे काय, असे आपल्याला वाटते. परंतु त्यांनी त्या ठिकाणी मध्ययुगीन युरोपातील अशा ग्रंथालयांची आठवण करून दिली आहे, जिथे पुस्तके लोखंडी साखळ्यांनी फळीला जखडलेली असत. आपले काचेचे कपाट म्हणजे त्या साखळीचीच नात. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा तिसरा सिद्धांत. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे हे दुसऱ्यात सांगून झाल्यावर तिसऱ्यात ते बाजू उलटी करतात आणि म्हणतात की प्रत्येक पुस्तकालाही त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचक चालत येऊ शकतो, पुस्तक जाऊ शकत नाही. म्हणून पुस्तकाच्या वतीने कोणीतरी खटपट करावी लागते. कपाटे खुली ठेवणे, मांडणी विचारपूर्वक करणे, निवडक पुस्तके समोर आणणे ही सगळी ती खटपट.

आपल्या मराठी माणसांपैकी ही खटपट फार आधी ओळखणारे म्हणजे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातला, दत्तक जाईपर्यंत शाळेचे तोंड न पाहिलेला हा मुलगा पुढे राजा झाला, 1906 साली त्याने संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि 1910 साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून घेतले. गावोगाव वाचनालये निघालीच, शिवाय लाकडी पेट्यांमधून पुस्तके खेड्यांत पाठविण्याचा फिरत्या ग्रंथालयाचा विभाग सुरू झाला. लोकांना अक्षर शिकवून थांबलो तर ते अक्षर विसरतील, हे महाराजांनी जाणले होते. पेटी तीच, परंतु तिच्यातून पुस्तक घराबाहेर पडते की नाही, यावर सगळे अवलंबून असते.

आता आमच्या खटपटीकडे येते.

कुलपे काढली म्हणजे मुले धावत येतील, अशी माझी समजूत होती. मुले आली, दोन दिवस कपाटांची उघडझाप केली आणि निघून गेली. मी एका तासाला मुद्दाम खोलीच्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसले आणि पाहत राहिले. पाचवीतली मुलगी कपाटापुढे उभी राहते. तिला काय दिसते? तिला पुस्तकांचे कणे दिसतात. मराठी पुस्तकांच्या कण्यावरचे नाव एका प्रकाशकाकडे खालून वर छापलेले, तर दुसऱ्याकडे वरून खाली. दहा पुस्तकांची नावे वाचायची तर मान दहा वेळा डावी-उजवीकडे कलवावी लागते. आणि लहान मुलांची जी खरी पुस्तके, म्हणजे नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली किंवा प्रथम बुक्सची चोवीस-बत्तीस पानी चित्रपुस्तके, त्यांना मुळी कणाच नसतो. मधोमध दोन पिना मारलेल्या असतात. जाड पुस्तकांच्या मध्ये ती उभी केली की बाहेरून केवळ एक कागदी कड दिसते. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ आमच्याकडे होते आणि ते आहे हे दाखल नोंदवहीखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. मुलांसाठी सगळ्यात सुंदर असलेले पुस्तक मुलांना सगळ्यात कमी दिसत होते, आणि स्पर्धापरीक्षांची जाडजूड मार्गदर्शके मात्र छाती काढून उभी होती.

म्हणून पहिला निर्णय असा झाला की निदान काही पुस्तके कण्याने न ठेवता तोंडाने ठेवायची. मुखपृष्ठ समोर.

हे करताना आम्ही ज्या चुका केल्या त्या सांगायला हव्यात, कारण हीरक महोत्सवी अंकात यशोगाथा भरपूर असतील. प्रथम आम्ही व्हरांड्यात सुतळी बांधून तिच्यावर पुस्तके वाळत घातली. छायाचित्रात फार छान दिसले. चार दिवसांत पिनांपाशी पाने फाटू लागली, वाऱ्याने पुस्तके खाली पडू लागली आणि शिपाईमामा ती गोळा करून माझ्या टेबलावर आणून ठेवू लागले. मग पाण्याच्या टाकीजवळ मांडणी केली. मुले तिथे हमखास येतात, हा हिशेब. हिशेब बरोबर होता, परंतु ओल्या हातांचा विचार राहून गेला. तिसरी चूक मोठी मजेदार. 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी आम्ही सभागृहाच्या मधोमध टेबलावर पुस्तकांचा मनोरा रचला, त्याला फुलांच्या माळा सोडल्या आणि भोवती सुरेख रांगोळी काढली. इतकी सुरेख, की रांगोळी मोडल्याशिवाय एकाही मुलाला पुस्तकापर्यंत पोहोचता येईना! वर एका उत्साही सहकाऱ्यांनी ‘कृपया हात लावू नये’ अशी पाटीही ठेवली होती. अहवालासाठी छायाचित्रे काढून झाली आणि पुस्तके परत कपाटात गेली. त्या दिवशी शाळेत एकही पुस्तक वाचले गेले नाही.

आज जे आहे ते सांगते. घराच्या पागोळ्यांसाठी लावतात ती पीव्हीसीची पन्हळ तुम्ही पाहिली असेल. ती अर्धी कापली की पुस्तक उभे राहण्याजोगी खाच मिळते. गावातल्या प्लंबरने ती व्हरांड्याच्या आतल्या भिंतीला, पावसाची झड पोहोचणार नाही अशा बेताने बसवून दिली. एक पट्टी पाचवीच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक त्याहून खाली. मोठ्या मुलांना वाकावे लागते, वाकू देत. जिन्याच्या चौथऱ्यावर सुताराने केलेली उतरती लाकडी मांडणी आहे, तिला पुढे दोन बोटांची पट्टी आहे म्हणजे पुस्तक घसरत नाही. एका वेळी दहा-पंधरा पुस्तके, अधिक नाही. पन्नास मांडली तर तीही पुन्हा भिंतच होते. दर शनिवारी सकाळी मांडणी बदलायची. आणि सगळ्यात कडक नियम हा की मांडलेले प्रत्येक पुस्तक तिथल्या तिथे उचलून घरी नेता आले पाहिजे. दोरीला बांधलेल्या वहीत नाव, वर्ग, पुस्तक आणि तारीख लिहायची की झाले. मांडणीत रिकामी जागा पडली की पूर्वी आमच्या जिवाची घालमेल होई. आता रिकामी जागा दिसली की ग्रंथपाल बाई समाधानाने दुसरे पुस्तक आणायला जातात.

पुस्तके कोणती मांडायची हे आरंभी आम्ही शिक्षक ठरवीत होतो. जयंत्या आणि पुण्यतिथ्या यांच्या पलीकडे आमची बुद्धी फारशी जात नसे. नंतर आठवीच्या मुलांवर ते काम सोपविले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ‘भीती वाटेल अशी पुस्तके’ असा फलक लावला. त्या फलकाखाली विज्ञानाचे एक पुस्तकही होते, रोगजंतूंविषयीचे! पहिला पाऊस पडला त्या आठवड्यात पावसाची पुस्तके आली. ‘किशोर’चे जुने अंक त्यांनी माळ्यावरून शोधून काढले, 1971 पासून निघणाऱ्या त्या मासिकाची मुखपृष्ठे अशी, की नव्या पुस्तकांच्या रांगेतही नजर तिकडेच जाते. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला कोणाच्या शिफारशीची गरज पडली नाही, पण त्यांच्याच बिपिन बुकलवारला मुलांनी मांडणीमुळे ओळखले. एका मुलीने एका कादंबरीशेजारी चिठ्ठी चिकटवली होती. तीत तिने लिहिले होते की हे पुस्तक अर्ध्यापर्यंत कंटाळवाणे आहे, पण सोडू नका. मी ती चिठ्ठी काढायला सांगणार होते. त्या आठवड्यात ते पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले. मराठीच्या शिक्षिकेने तीस वर्षांत केलेल्या रसग्रहणांना हे भाग्य लाभले नव्हते.

आता पुस्तके हरवण्याविषयी. हा प्रश्न तुमच्यापैकी जमाखर्च पाहणारे विचारणार, म्हणून आधीच सांगते. आमच्या ग्रंथपाल बाईंनी कुलपे काढण्यास पहिल्या दिवशी ठाम नकार दिला होता. मला राग आला. नंतर त्यांनी शांतपणे सांगितले, ‘बाई, पुस्तक वाचले गेले नाही म्हणून आजवर कोणी मला विचारले नाही. हरवले तर मात्र माझ्या पगारातून जाते.’ त्यांचे म्हणणे खरे होते. दोष त्यांच्या वृत्तीचा नव्हता, आम्ही केलेल्या व्यवस्थेचा होता. मी केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम काढून पाहिले. तेथे स्पष्ट तरतूद आहे की वर्षभरात हजार पुस्तके देवघेवीत वा वापरात आली असता पाच गहाळ होणे हे वाजवी मानावे, मात्र त्यामागे निष्काळजीपणा वा अप्रामाणिकपणा नसावा. हा नियम सरकारी ग्रंथालयांचा. आपल्या शाळेला तो लागू नाही. परंतु दिल्लीच्या हिशेबनिसांना जे समजते ते आपल्या शाळा समितीला समजू नये, असे थोडेच आहे? समितीने ठराव केला की खुल्या मांडणीतील पुस्तक हरवल्यास ग्रंथपालांकडून वसुली होणार नाही. ठरावाची प्रत बाईंनी कपाटात नीट जपून ठेवली आहे. ते एक कपाट अजूनही कुलूपबंद आहे, आणि त्याला माझी हरकत नाही.

पुस्तके हरवतात. काही वर्षाअखेरीस दप्तराच्या तळातून परत येतात, काही येत नाहीत. जी येत नाहीत ती कोणती हे पाहणे उद्बोधक असते. ‘संतवाङ्मयातील अलंकारविचार’ आजवर कोणी पळविलेला नाही. जे हरवते त्याच्या दोन प्रती पुढच्या खरेदीत घ्यायच्या, असा आमचा अलिखित नियम झाला आहे.

कोणी म्हणेल, मांडणीने वाचक घडतात का? नाही घडत. मांडणीने हात पुढे होतो, इतकेच. पुढे वेळ लागतो, शांतता लागते, आणि कोणीतरी मोठे माणूस वाचत बसलेले दिसावे लागते. सहामाही तपासणीच्या काळात मांडणी बदलायची राहिली की वहीतील नोंदी लगेच आटतात, हे मी पाहिले आहे. आणि केवळ चकचकीत मुखपृष्ठावर भुलून घेतलेली काही पुस्तके आतून इतकी रिकामी निघाली की मुले फसवली गेल्याच्या भावनेने परत आली. तोंड दाखवायचे तर त्यामागे धड शरीर हवे. तेव्हा खरेदीचा प्रश्न टळत नाही.

त्याहूनही न टळणारा प्रश्न निर्लेखनाचा. आमच्या कपाटांत बाद अभ्यासक्रमाची मार्गदर्शके, बंद झालेल्या परीक्षांचे संच, वाळवीने अर्धी खाल्लेली अहवालपुस्तके असा निम्म्याहून अधिक ऐवज होता. रीतसर समिती नेमून, यादी करून तो बाहेर काढला तेव्हा ज्येष्ठ सहकारी कळवळले. पुस्तक हे सरस्वतीचे रूप, ते रद्दीत कसे घालायचे? मलाही सोपे गेले नाही. परंतु वाळलेल्या फांद्या तोडल्यावर झाड दिसू लागावे तशी राहिलेली पुस्तके दिसू लागली. कोणतीही पन्हळ न बसवता झालेली ती सर्वांत मोठी मांडणी. समुद्रातील जीवसृष्टीचे ते पुस्तकही निर्लेखनाच्या ढिगात आले होते. कागद पिवळा पडलेला, आतील चित्रे काळी-पांढरी, बरीचशी माहिती जुनी. मी ते बाजूला काढून एक महिना व्हरांड्यात तोंडाने मांडले. मुलांनी पाहिले, चाळले आणि ठेवून दिले. रंगीत छायाचित्रांच्या काळातील मुले ती. त्यांचे काही चुकले नाही. पुस्तकाचीही वेळ असते, आणि ती वेळ आम्ही कपाटात घालविली. आता ते माझ्या टेबलावर असते.

या निमित्ताने एक अप्रिय विनंती करते. गेल्या दोन वर्षांत माजी विद्यार्थ्यांनी प्रेमाने खोकी भरभरून पुस्तके पाठविली. त्यांत घर बदलताना नकोशी झालेली अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके, व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे होते. वाहतुकीचा खर्च पुस्तकांच्या किमतीहून अधिक झाला असेल. कृपा करून असे करू नका. आधी आमच्याकडून यादी मागवा.

आपल्याकडे या दिशेने होत असलेले प्रयत्न पाहण्यासारखे आहेत. महाबळेश्वर-पाचगणीच्या मधले भिलार 4 मे 2017 पासून पुस्तकांचे गाव झाले. तेथे घराघरांत, ओसरीवर पुस्तके मांडलेली आहेत आणि भिंतींवरची चित्रेच सांगतात की आत काय आहे. आम्ही मुलांची सहल नेली होती. अनोळखी घराच्या ओसरीवर विनासंकोच मांडी घालून वाचत बसलेला आपला विद्यार्थी पाहून मला उमगले की जागा जितकी घरासारखी तितके पुस्तक जवळचे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 2009 साली सुरू केलेला ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे सोपवितो आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. आणि तुमच्या या शहरात तर काय उणे आहे? कब्बन पार्कातील लाल रंगाचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथेच मुलांचे वेगळे ग्रंथालय आहे. अनेक भारतीय भाषांत, मराठीतही, स्वस्त चित्रपुस्तके काढणारी प्रथम बुक्स ही संस्था 2004 पासून येथेच आहे. कर्नाटक सरकारने 2020 साली ‘ओदुव बेळकु’, म्हणजे वाचनाचा प्रकाश, या उपक्रमाने ग्रामपंचायतींची ग्रंथालये मुलांना विनामूल्य खुली केली. शिक्षणाचेच काम करणारे अझीम प्रेमजी प्रतिष्ठान तर तुमच्या याच रस्त्यावर आहे. आम्ही खेड्यातून येऊन तुम्हाला हे सांगावे, हे थोडे उलटेच झाले.

आता तुमच्या घरांविषयी थोडे बोलते. मुख्याध्यापिकेला एवढा अधिकार तुम्ही द्यालच. काल संध्याकाळी एका विद्यार्थिनीकडे उतरले. तिचा मुलगा दुसरीत आहे. आजीशी अस्खलित मराठी बोलतो, शाळेत इंग्रजी, खाली खेळताना हिंदी आणि कन्नड. मराठी वाचता येत नाही. ती हळहळून म्हणाली, ‘बाई, पुस्तके घरात आहेत हो, पण हा बघतच नाही.’ मी पाहिले. दिवाणखान्यातल्या काचेच्या शोकेसमध्ये अगदी वरच्या फळीवर, करंडक आणि सन्मानचिन्हे यांच्या मागे, आजोबांची ज्ञानेश्वरी, पु. ल., ‘श्यामची आई’ अशी पुस्तके ओळीने उभी होती. इंग्रजी पुस्तके मात्र त्याच्या पलंगाशेजारी जमिनीवर पसरलेली. मुलाने काय ओळखायचे? इंग्रजी हातात घेण्याची आणि मराठी दुरून पाहण्याची. माझे तेच काचेचे कपाट मला इथे, नवव्या मजल्यावर भेटले!

मी तिला एवढेच सांगितले की चार मराठी चित्रपुस्तके आण आणि जोडे काढायच्या जागेशेजारी, त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर, तोंडाने मांड. वाच म्हणू नकोस. ज्याला अक्षर येत नाही त्याला कण्यावरचे नाव काय सांगणार? त्याला चित्रच वाचता येते. आजीने रात्री वाचून दाखवावे, आणि दर रविवारी चारांतली दोन बदलावी. त्याला पुढे अक्षर येईल की नाही, याची हमी मी देत नाही. आज सकाळी मी निघताना तो आजीला विचारत होता की ह्या बाई रात्री आपली पुस्तके का मोजत होत्या. आरंभ म्हणून मला तेवढे पुरे आहे.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले. संगणक कक्ष अवश्य द्या. संस्था आनंदाने स्वीकारील. माझे मागणे वेगळे आणि स्वस्त आहे. मुलींच्या वर्गखोल्यांपुढच्या व्हरांड्याच्या भिंतीला अजून पन्हळ बसलेली नाही, ती बसवायची आहे. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी जमिनीलगतची एक बुटकी मांडणी करायची आहे. दरवर्षी दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये, आम्ही मुलांनी केलेली पुस्तकांची यादी तुमच्या गटाला पाठवू. तुम्ही ती नवी विकत घेऊन पाठवावी. यादीत तुम्हाला न आवडणारी काही पुस्तके असतील. ती गाळू नयेत. आणि ग्रंथपालांचे पद अर्धवेळ आहे तोवर सकाळच्या विभागासाठी कोणी मदतनीस मानधनावर ठेवता आला, तर ‘उद्या ये’ असे म्हणण्याची वेळ आमच्या कोणा शिक्षिकेवर येणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत गावी याल तेव्हा शाळाही बंद असते, हे मला ठाऊक आहे. म्हणून सुट्टी लागण्याच्या आधीच्या शनिवारी या. मांडणी सकाळी साडेसातला बदलतो. आठवीची मुले असतात, शिपाईमामा असतात, चहा असतो. समुद्रातील त्या प्राण्याचे नाव ज्याला सांगायचे असेल, तो जेवणाच्या वेळी मला गाठू शकतो. पुस्तक मी सोबत आणले आहे.